तीनदा विचारलेली चिठ्ठी

माणसाची ओळख चेहऱ्यापासून करून द्यायची रीत आहे. श्यामलाताई मिरज्यांची मात्र डाव्या पायापासून करून दिलेली बरी. चेहरा त्यांचा चारचौघींसारखा होता, पाय तसा नव्हता. गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक शीर वर यायची आणि पोटरीवरून वळणं घेत घोट्यापर्यंत उतरायची. चांगली करंगळीएवढी जाड, निळी, जागोजाग गाठी आलेली. संध्याकाळपर्यंत पाय ठणकायला लागे. घोट्याशी कातडी काळवंडली होती आणि तिथं अशी खाज सुटायची की माणसांत असताना बाई नुसत्या पदराचं टोक पिळत बसायच्या.

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात त्या केसपेपरच्या खिडकीवर होत्या. खिडकी ज्यानं बांधली त्यानं ती बाहेरच्या उभ्या माणसाच्या मापानं बांधली होती. आतल्या माणसाला कधी बसावंसं वाटेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यामुळे सकाळपासून दुपार टळेपर्यंत श्यामलाताई उभ्या. खिडकीवर त्यांचा दरारा होता. रांग मोडून पुढं घुसणाऱ्याला त्या "पावणं, मागनं आलासा, मागंच ऱ्हावा" असं त्याच्याच बोलीत ऐकवायच्या, आणि खेड्यातली माणसं खजील होण्याऐवजी हसायची. घरी आल्यावर मात्र त्यांची भाषा शुद्ध व्हायची. नवरा वसंतराव शाळेत चित्रकला शिकवायचे. ते म्हणायचे, हिच्या तोंडात दोन जिभा आहेत आणि दोन्ही धारदार आहेत.

माहेर नृसिंहवाडीचं. वडील देवळात पूजेला. त्या घरात मोठा प्रश्न माणसांनी सोडवायचा नसतोच, तो दत्तापुढं टाकायचा. चिठ्ठ्या लिहायच्या, घडी करायची, पादुकांपुढं ठेवायच्या आणि डोळे मिटून एक उचलायची. स्थळ मिरज्यांचं करायचं की सांगलीचं, हे चिठ्ठीनं ठरलं. नोकरी धरायची की नाही, तेही चिठ्ठीनं. त्यातही घराचा एक नियम होता. आलेली चिठ्ठी मनाला पटली तर प्रश्न मिटला. पटली नाही तर पुन्हा विचारायची मुभा होती, पण तीनदाच. तीनांत दोनदा येईल तो देवाचा शब्द. मग रडायचं नाही. वसंतराव थट्टेनं म्हणायचे, "आज भाजी कुठली करायची तेही विचारून घ्या, म्हणजे रोज दोडका खायची पाळी माझ्यावर आणली कुणी ते कळेल." बाईंना ही थट्टा आवडायची नाही आणि दोडका काही बंद व्हायचा नाही.

एकाहत्तर साली डॉ. माधव शिरोळकर विलायतेहून शिकून आले आणि या हॉस्पिटलात सर्जन म्हणून लागले. तरुण, उंच, घाईत चालणारा माणूस. आल्याआल्या त्यांच्या लक्षात आलं की या मुलखात पायांच्या शिरा फुगलेली माणसं पैशाला पासरी आहेत. न्हावी, एस.टी.चे कंडक्टर, गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभे राहणारे गुळवे, शाहूवाडीकडच्या चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाया. जन्मभर उभं राहणाऱ्यांचा हा आजार, आणि इथं बसतंय कोण?

यावर उपाय दोन होते. एक ऑपरेशनचा. जांघेत शीर बांधायची आणि ती खालपर्यंत ओढून काढून टाकायची. दुसरा सुईचा. शिरेत औषध टोचून ती आतून बंद पाडायची, वर घट्ट पट्टा गुंडाळायचा, तो काही आठवडे दिवसरात्र सोडायचा नाही आणि रोज भरपूर चालायचं. दोन्हींनी पाय बरा व्हायचा. पण पाच वर्षांनी कुठला पाय बरा राहतो, यावर विलायतेतसुद्धा डॉक्टरांची भांडणं चालली होती. शिरोळकरांनी ठरवलं की आपण इथंच बघायचं. निम्म्या रोग्यांना ऑपरेशन, निम्म्यांना सुई, आणि कुणाला काय हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, रोग्यानंही नाही. बंद पाकिटं करून ठेवायची. रोगी आला की वरचं पाकीट फोडायचं आणि आत लिहिलं असेल ते करायचं. पुढं दरवर्षी त्याचा पाय तपासायचा.

त्याच सुमारास एकदा डॉक्टरांना श्यामलाताईंचा पाय दिसला. बाई स्टुलावर बसून घोटा खाजवत होत्या. त्या एकदम उठल्या, पण डॉक्टरांनी पाहायचं ते पाहिलं होतं.

"हे किती दिवस अंगावर काढणार आहात?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीतलं चांगलं कुठलं ते सांगा, तेच करते."

शिरोळकर खोटं बोलायला शिकलेले नव्हते. "आज मला माहीत नाही," ते म्हणाले. "पाच वर्षांनी सांगू शकेन."

बाईंना हवं होतं सुईचं. त्यांची आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती. पोटातलं काहीतरी साधंच होतं, तासाभरात बाहेर आणू म्हणाले होते, आणि आत गेलेली आई बाहेर आली ती पांढऱ्या चादरीखाली. तेव्हापासून ऑपरेशन हा शब्द ऐकला तरी श्यामलाताई विषय बदलायच्या. पण नुसत्या भीतीनं कमअस्सल उपाय पत्करायचा, हेही त्यांच्या स्वभावात बसेना. पौर्णिमेला वाडीला गेल्या तेव्हा त्यांनी पादुकांपुढं चिठ्ठ्या टाकल्या. एक ऑपरेशनची, एक सुईची, एक थांबण्याची. तीनांत दोनदा थांबण्याची आली. डॉक्टर म्हणतो माहीत नाही आणि देव म्हणतो थांब. दोघांचं एकमत झाल्यावर बाईंनी ठरवून टाकलं की संशोधनाचा निकाल लागेपर्यंत पायाला कुणाचा हात लावू द्यायचा नाही.

निकाल लागायचा तर आधी संशोधन चालू व्हायला हवं होतं. ते होईना. कृष्णात नावाचा गुळव्या आला, पोटरीवर शिरांचं जाळं. डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवून सगळं नीट समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी कंचं औशीद चांगलं त्ये तुमास्नीच म्हाईत न्हाय?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग आमी हिकडं कशाला आलोय?" असं म्हणून कृष्णातनं टोपी घातली आणि तो चालता झाला. त्याच्या पाठोपाठ आणखी बरेच गेले. मला माहीत नाही असं रोग्याच्या तोंडावर सांगणारा डॉक्टर कोल्हापूरच्या माणसानं तोवर पाहिला नव्हता, आणि पाहायची हौसही कुणाला नव्हती.

डॉक्टर डोकं धरून बसले. तेव्हा श्यामलाताई म्हणाल्या, "ती पाकिटं माझ्याकडं द्या. यांच्याशी बोलायची रीत वेगळी आहे."

पाकिटांवर आकडे होते. वरचं पाकीट आधी, त्याखालचं नंतर, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. बाईंनी मान डोलावली. आकडे मोजदादीसाठी असावेत, अशी त्यांची समजूत झाली आणि ती कुणी दुरुस्त केली नाही. खिडकीच्या बाजूच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं, त्यावर दत्ताची तसबीर ठेवली आणि तिच्यापुढं पाकिटं पसरली. रोगी आला की त्या सांगायच्या, "डॉक्टरला ठाऊक न्हाय त्ये डॉक्टर खरं सांगतोय. ज्याला ठाऊक हाय त्याला इचारू या. हात जोडा आणि एक उचला."

हे मात्र सगळ्यांना लगेच कळलं. कृष्णातही परत आला, हात जोडले, पाकीट उचललं, ऑपरेशन निघालं. "दत्त म्हाराजांनी सांगितल्यावर काय," म्हणाला आणि भरती झाला. महिन्याभरात रांग लागली. डॉक्टरांनी एकदा खोलीत डोकावून पाहिलं, तसबीर दिसली, ते हसले आणि निघून गेले. काम चालतंय म्हटल्यावर ते कसं चालतंय हे विचारायला कुणाला सवड असते?

मग पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मलकापूरकडची बयाबाई आली. पायाला नुसत्या गाठी, तोंडाला खळ नाही. तिनं पाकीट उचललं, श्यामलाताईंनी फोडून वाचलं. ऑपरेशन. बयाबाईचं तोंड उतरलं.

"ताई, लावण तोंडावर आली की वो. मी कापून घिऊन पडलो तर रोप कोण लावणार? घरात दुसरं माणूस न्हाय."

"मन मानत न्हाय व्हय?"

"न्हाय मानत."

बाईंना नियम माहेरचा पाठ होता. "मग पुन्यांदा इचार. पण तीनदाच. दोनदा यील त्ये खरं."

दुसऱ्यांदा सुई आली, तिसऱ्यांदाही सुई. बयाबाईनं तसबिरीपुढं डोकं टेकलं आणि पट्टा बांधून घेऊन घर गाठलं. बाईंनी उघडलेली जास्तीची पाकिटं डिंकानं चिकटवून पुन्हा गठ्ठ्यात घातली. लबाडी त्यांनी कधी केली नाही. पाकीट उजेडात धरून पाहिलं नाही, कुणाला खूण केली नाही, कुणाकडून नारळसुद्धा घेतला नाही. एकाला तर लागोपाठ तेच निघालं. तो कुरकुरायला लागला तेव्हा बाईंनी त्याला झाडलं, "देवाला खोटं पाडतोस काय?" ज्याला पहिलीच चिठ्ठी पटली त्याला मात्र त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारायला लावलं नाही. पटलेल्या गोष्टीवर परत कौल मागणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं, असं त्यांचं मत होतं.

पाकिटं संपली, वर्षं गेली. माणसं दरसाल पाय दाखवायला यायची. स्वतःच्या पायाला मात्र बाई कुणाला हात लावू देत नव्हत्या. घोट्यावरची काळी कातडी एका पावसाळ्यात फुटली आणि रुपयाएवढी जखम झाली. ती भरायची, परत फुटायची. बाई धुऊन वर फडकं बांधायच्या आणि खिडकीवर उभ्या राहायच्या. डॉक्टर चिडायचे. वसंतराव एकदा खरोखर भांडले. "अहो, पाय तुमचा आहे की हॉस्पिटलाचा?" असं त्यांनी विचारलं. पण बाईंचं एकच, निकाल लागू दे. हट्टी माणसाला सोसण्यातही एक सुख असतं. बाईंना ते होतं आणि त्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

सत्त्याहत्तरच्या अखेरीला निकाल लागला. डॉक्टर स्वतः खिडकीपाशी आले, बाहेरच्या बाजूनं, रोग्यासारखे.

"ताई, तुमचं उत्तर आलं. सुई. सुईवाल्यांचे पाय पाच वर्षांनी सरस निघाले."

श्यामलाताईंना इतका आनंद झाला की त्यांनी रांगेतल्या माणसाला त्याच्या नावाऐवजी स्वतःच्याच नावाचा केसपेपर करून दिला. कापायचं नाही! पुढच्या सोमवारी सुई द्यायचं ठरलं. घरी जाऊन त्यांनी शिरा केला आणि वसंतरावांनी त्या दिवशी शिऱ्यावर कुठलीही कोटी केली नाही.

डॉक्टरांना हा निबंध पुण्याच्या परिषदेत वाचायचा होता. त्याआधी सगळं तपासून घ्यावं म्हणून त्यांनी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक कालिंदी पटवर्धनांना बोलावलं. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी रिकामी पाकिटं मागवली, तारखांशी आकडे ताडून पाहिले आणि त्यांना आकडे उलटेपालटे दिसले. काही पाकिटं डिंकानं पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. त्या उठून थेट खिडकीशी आल्या.

"ही पाकिटं पुन्हा चिकटवली होती का?"

"हो तर," श्यामलाताई म्हणाल्या. लपवण्यासारखं काही होतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच. तीनदा विचारायचा नियम, तीनांत दोनाचा शब्द, पटलं त्याला परत नाही.

कालिंदीबाई स्टुलावर बसल्या. "पुन्हा कोण विचारायचं?" त्यांनी विचारलं.

"ज्याला पटलं नाही तो."

"कुणाला पटायचं नाही?"

श्यामलाताई आठवू लागल्या. ज्यांची कामं अडलेली असायची, म्हणजे हिंडतीफिरती धडधाकट माणसं, त्यांना ऑपरेशन नको असायचं. जखमा चिघळून बेजार झालेली माणसं म्हणायची, एकदा कापून टाका आणि सोडवा. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. धडधाकट पाय पट्ट्याकडं सरकले होते आणि बिघडलेले पाय ऑपरेशनकडं. तसे ते बाईंनी सरकवले नव्हते. पण सरकायला दार त्यांनीच उघडून दिलं होतं.

"तुम्ही सगळ्यांनाच तीनदा विचारायला लावलं असतंत तरी खपलं असतं," कालिंदीबाई म्हणाल्या. "ज्यांना पटलं त्यांना सोडलंत, तिथं चुकलं."

"मग उत्तर खोटं?"

"खोटंच असं नाही. पण खरं आहे की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

श्यामलाताईंना पहिल्यांदा आठवला तो स्वतःचा पाय. डॉक्टर नंतर आठवले. पाच वर्षं ज्या उत्तरासाठी पाय कुजवला, ते उत्तर आपल्याच हातानं, देवापुढं बसून, सचोटीनं नासवलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं ते नुसतं हसू, आणि ते लगेच गेलं. कालिंदीबाई म्हणाल्या, डॉक्टरांना मी सांगते. श्यामलाताई म्हणाल्या, नको, मी सांगते.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर मूठ आपटली. "पाच वर्षं! ताई, पाच वर्षं गेली माझी!" सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. बाई उभ्याच राहिल्या. मग डॉक्टर खाली बसून म्हणाले, "तसबीर मी बघितली होती. पुढं काय चालतं ते मी विचारायला हवं होतं." एवढं बोलून ते उठून गेले. पुढचे काही दिवस ते खिडकीवरून जाताना भिंतीकडं बघत जायचे. पुण्याचा निबंध त्यांनी मागं घेतला.

सोमवारी बाई सुईसाठी गेल्या नाहीत. डॉक्टरांनी निरोप पाठवला, "तुमची सुई ठरलीय, ती घ्या. तिचा आणि या भानगडीचा संबंध नाही." बाईंनी उलट विचारलं, "कशाच्या आधारावर घेऊ?"

नव्या वर्षात नवी पाकिटं आली. कालिंदीबाईंनी ती दोऱ्यात ओवून दिली होती. खालचं वरच्याच्या आधी निघणारच नाही. डॉक्टरांनी ती परत श्यामलाताईंच्याच टेबलावर आणून ठेवली. "देव राहू दे," ते म्हणाले. "पण त्याला एकदाच विचारायचं." दुसरा कुणी असता तर ते काम त्यानं दुसरीकडं दिलं असतं. शिरोळकरांनी दिलं नाही, ही गोष्ट बाईंना त्यांच्या रागावण्यापेक्षा जास्त लागली.

त्या म्हणाल्या, "पहिलं पाकीट माझं."

"तुम्हाला सुई हवीय, मला माहीत आहे. या फंदात तुम्ही पडू नका. मी देतो तुम्हाला सुई."

"काहीतरी हवं असतं ते सगळ्यांनाच असतं, डॉक्टर. घ्या नाव माझं."

डॉक्टरांनी खूप समजावलं. बाई ऐकेनात. खोलीत तेव्हा नवे रोगी बाकावर बसलेले होते, दहाबारा जण. शिरांनी भरलेले पाय पुढं करून सगळे बाईंकडं पाहत होते. खिडकीवरची बाई स्वतः उचलणार म्हटल्यावर बाकावरची माणसं पुढं सरकून बसली. बाईंनी दत्तापुढं हात जोडले, दोऱ्यातलं पहिलं पाकीट ओढून काढलं आणि फोडलं.

ऑपरेशन.

त्यांच्या डोळ्यांपुढं पांढरी चादर आली. कागद हातात होता आणि दुसरा हात त्यांना न विचारता दोऱ्याकडं निघाला होता, पुढच्या पाकिटाकडं. एवढ्या वर्षांत या टेबलापलीकडं बसून माणसं का विनवण्या करायची ते त्यांना आत्ता कळलं. तेव्हा त्या फक्त नियम सांगत होत्या.

डॉक्टर पुढं झाले. "ताई, हे बघा, अजून..."

बाकावरून धोंडुबाई नावाची एक म्हातारी बोलली. आधीच्या खेपेला तिची जाऊ इथं येऊन गेली होती, तिला सगळं ठाऊक होतं. "बाई, मन मानत न्हाय तर पुन्यांदा इचारा की. तीनदा चालतंय. तुमीच सांगत हुतासा न्हवं?"

सगळा बाक वाट पाहत होता. श्यामलाताईंनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"न्हाय, मावशी," त्या म्हणाल्या. "आता एकदाच."

मग कागद डॉक्टरांच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, की सकाळी चहा चालेल?"